न्यू जर्सीतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र: काउंटीचं एक्स्टेन्शन ऑफिस आपलंही आहे

प्रति,
न्यू जर्सी आणि आसपासच्या सगळ्या मराठी मंडळांच्या कमिट्या, आणि मंडळात येणारे सगळे काका, काकू, दादा, वहिनी

सप्रेम नमस्कार.

सरळ मुद्द्यावर येते. तुमच्या नवीन वर्षाच्या कार्यक्रमांची आखणी चालू असेल, संक्रांत, पाडवा, मग समर पिकनिक, गणपती. त्या यादीत मला एक गोष्ट घालून हवी आहे, आणि ती म्हणजे तुमच्या काउंटीचं कोऑपरेटिव्ह एक्स्टेन्शन ऑफिस, म्हणजे शेती-बागकामाचा सल्ला देणारं कृषी विस्तार कार्यालय, आणि त्यांच्या ओळखीतल्या कम्युनिटी गार्डन्स. देणगी मागत नाहीये, मला तुमची माणसं हवी आहेत. का ते सविस्तर सांगते, पत्र लांबणार आहे, पण चहा घेऊन बसा आणि पूर्ण वाचा ही विनंती.

मी राहुरीची, म्हणजे महात्मा फुले कृषी विद्यापीठाची बी.एस्सी. अ‍ॅग्री. शेवटच्या वर्षाला आम्हाला गावात पाठवतात, ग्रामीण कृषी कार्यानुभव, पेपरात फोटो येतात बघा "कृषीकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे धडे", त्यातली एक मी. आता इथे मास्टर्स करतेय आणि त्याचाच भाग म्हणून न्यू जर्सीतल्या एका काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसमध्ये इंटर्नशिप केली. काम म्हणाल तर सगळंच, हेल्पलाइनचा फोन उचलायचा, लोक पिशवीतून आणतात ती पानं आणि किडे ओळखायला मदत करायची, मातीच्या सॅम्पलचे फॉर्म तपासायचे, शाळांच्या आणि चर्चच्या मागे वाफे बांधायचे, आणि आठवड्यातले बरेचसे दिवस कम्युनिटी गार्डनमध्ये होज पाइप ओढत फिरायचं.

या ऑफिसच्या दारातून दिवसभर माणसं येतात. इटालियन आजोबा अंजिराचं झाड थंडीत कसं झाकायचं विचारायला येतात, कोरियन बायका मुळ्याच्या पानांना भोकं का पडली विचारतात, मेक्सिकन जोडपी मिरचीची रोपं घेऊन येतात. आपली माणसं फार कमी येतात. आणि आपल्या माणसांची घरं तर त्याच टाऊनमध्ये आहेत, एडिसन काय, साउथ ब्रन्सविक काय, पार्सिपनी काय, प्रत्येक तिसऱ्या डेकवर तुळस आहे, मागे मांडवावर दुधी आहे, कुंडीत कढीपत्ता आहे. भाजी लावणारी इतकी माणसं आणि हे ऑफिस माहीतच नाही. मी मंडळाच्या एका कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत दहाबारा जणांना विचारलं, एक्स्टेन्शन माहितेय का, एकाला माहीत होतं, तेही त्यांच्या मुलीने फोर-एचमध्ये, म्हणजे एक्स्टेन्शनच्या मुलांसाठीच्या क्लबमध्ये, ससा पाळला होता म्हणून.

तर आधी हे आहे काय ते सांगते. १८६२ साली लिंकनच्या काळात मॉरिल कायदा झाला, राज्यांना जमिनी दिल्या की त्या विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढा. न्यू जर्सीत तो मान रटगर्सला मिळाला, १८६४ मध्ये. मग १८८७ ला हॅच कायद्याने प्रयोग केंद्रं आली. पण प्रयोग केंद्रातलं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत जाईना, हे दुखणं आपल्यालाही नवीन नाही. सीमन नॅप नावाच्या गृहस्थांनी १९०३ मध्ये टेक्सासमध्ये टेरेल गावाजवळ शेतकऱ्याच्याच रानात शेतकऱ्याच्याच हाताने प्रात्यक्षिक प्लॉट करून दाखवला आणि लोकांना पटलं. १९०६ ला अलाबामातल्या टस्कीगी या काळ्या विद्यार्थ्यांच्या संस्थेमधून खेचरांची गाडी निघाली, जेसप वॅगन, त्यात नांगर, बियाणं, दूध घुसळायचं यंत्र असं सगळं भरून गरीब काळ्या शेतकऱ्यांच्या दारात न्यायचं, या गाडीची आखणी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची, आणि कार्व्हर काही मराठी माणसाला ओळख करून द्यावी लागेल असे नाहीत, आपल्यातल्या कितीजणांनी शाळेत असतानाच त्यांच्याबद्दल वाचलंय. हे सगळं होऊन मग १९१४ मध्ये स्मिथ-लिव्हर कायदा झाला आणि देशभर एक्स्टेन्शन उभं राहिलं. पैसा तिघांचा, केंद्र सरकारचा, राज्याचा आणि काउंटीचा. काउंटीचा म्हणजे तुम्ही जो प्रॉपर्टी टॅक्स भरता, ज्याच्या नावाने आपण दर पार्टीत खडे फोडतो, त्यातलाच काही भाग. म्हणजे हे ऑफिस तुमच्याच पैशाने चालतं आणि तुम्ही त्याच्याकडून काहीच घेत नाही.

आता तिथे नक्की होतं काय ते एका उदाहरणाने सांगते, कारण नुसतं "मार्गदर्शन मिळतं" म्हटलं की आपल्याला वाटतं एखादं पत्रक हातात देत असतील.

जूनमध्ये एक काका आले. मराठीच, नाशिककडचे, त्यांना बघून मलाच आनंद झाला. हातात झिपलॉकमध्ये टोमॅटोचा शेंडा. पानं वळलेली, बारीक झालेली, शेंडा आकसून आत गोळा झालेला. म्हणाले "बोकड्या आलाय, कडुनिंबाचं तेल मारतोय तीन आठवडे, काही फरक नाही." आणि बघणाऱ्या कोणालाही बोकड्याच वाटला असता, आपल्याकडे मिरचीवर टोमॅटोवर हे चित्र कायम बघतो, पांढरी माशी येते आणि व्हायरस देऊन जाते. आमच्या एजंट बाईंनी (एक्स्टेन्शनच्या तज्ज्ञांना इथे एजंट म्हणतात) पान उलटं केलं, भिंगाखाली धरलं, पांढरी माशी नाही, मावा नाही. मग त्यांनी किड्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. विचारलं की खत कुठून आणलं. काका म्हणाले, जवळच घोड्यांचा तबेला आहे, फुकट देतात, उत्तम कुजलेलं होतं. बाईंनी विचारलं घोडे काय खातात? आणि तिथे उलगडा झाला. इकडे गवताच्या कुरणांवर रुंद पानांचं तण मारायला अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक मारतात, ते गवत घोडा खातो, घोड्याला काही होत नाही, ते शेणातून जसंच्या तसं बाहेर पडतं, आणि कुजवलं तरी लवकर मरत नाही. टोमॅटो, घेवडा, वाटाणा, बटाटा यांना ते अगदी थोडं असलं तरी भोवतं. त्यांनी काकांना सांगितलं की औषध मारणं बंद करा, आणि त्या खताची एक परीक्षा करा, थोडं खत स्वच्छ पॉटिंग मिक्समध्ये मिसळून कुंडीत घेवड्याचे दाणे लावा, शेजारी दुसऱ्या कुंडीत नुसत्या मिक्समध्ये लावा, दोन-तीन आठवडे बघा. खताच्या कुंडीतला घेवडा वाकडातिकडा आला की समजा. काकांनी लावून बघितला आणि फोटो पाठवला, एका कुंडीत सरळ रोपं, दुसरीत पानांच्या वाट्या झालेल्या. त्यांनी त्या वाफ्यात यंदा मका लावला, कारण गवतवर्गातल्या पिकाला त्याचा त्रास होत नाही.

ही तपासणी, हा सल्ला, हे सगळं विनामूल्य. ना त्यांना कुठलं औषध विकायचं होतं ना खत. मला आमच्याकडची कृषी सेवा केंद्रं आठवली जिथे शेतकरी पान घेऊन जातो आणि दुकानदार तीन बाटल्या हातात देतो, दुकानदाराला दोष देत नाही, त्याचा धंदाच तो आहे, पण विकायचं काही नसलेला माणूस जेव्हा पान बघतो तेव्हा तो वेगळं बघतो, हे मी इथे डोळ्यांनी पाहिलं.

दुसरी गोष्ट मातीची, आणि ही गंभीर आहे, खास करून ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांच्यासाठी. १९७८ च्या आधीच्या घरांना शिसं असलेला रंग असू शकतो. तो रंग वर्षानुवर्षं खरवडून, पावसाने धुऊन घराच्या पायाजवळच्या मातीत उतरतो, आणि रहदारीच्या रस्त्याकडेला जुन्या लेडवाल्या पेट्रोलचं शिसं अजून मातीत आहे, शिसं कुठे जात नाही. आता आपण काय करतो? घराला लागून, दक्षिणेच्या भिंतीपाशी, ऊन छान येतं म्हणून मेथी-कोथिंबीर पेरतो. नेमकी तीच जागा धोक्याची. आणि शिसं झाडातून जितकं येतं त्याहून जास्त मातीच्या धुळीतून येतं, पालेभाजीच्या पानांना चिकटलेल्या मातीतून, मुळ्या-गाजराच्या सालीतून, आणि सगळ्यात जास्त म्हणजे तिथे खेळणाऱ्या पोराच्या हातातून तोंडात. ईपीएने, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संस्थेने, जानेवारी २०२४ मध्ये राहत्या घरांच्या मातीसाठीची शिशाची तपासणी-पातळी ४०० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ४०० भाग) २०० वर आणली, म्हणजे आधी जी माती "ठीक" म्हणून सुटली असती ती आता सुटत नाही. जर्सी सिटी, नेवार्क, एलिझाबेथकडे जुन्या घरात भाड्याने राहणारी आपली कितीतरी तरुण कुटुंबं आहेत, त्यांना तर कुणी हे सांगतच नाही.

माती तपासायची पद्धत तुमच्यापैकी जे शेतकरी घरातून आलेत त्यांना माहीत असेलच, वेगवेगळ्या दहाबारा जागांवरून सहा ते आठ इंच खोल नमुने घ्यायचे, स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करायचे, लोखंडी किंवा जस्ताची बादली नको, सावलीत वाळवायचे, त्यातली दोनेक कप माती पाठवायची. राहुरीत आम्ही हेच करायचो, ढीग करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, परत चार भाग. इथे रटगर्सची स्वतःची माती परीक्षण लॅब आहे. एवढंच की शिशाची टेस्ट हवी असेल तर फॉर्मवर तसं मागून घ्या. आणि रिपोर्ट आला की तो फोल्डरमध्ये ठेवू नका, एक्स्टेन्शनला फोन करा, ते वाचून सांगतात. मी जे रिपोर्ट बघितले त्यात आपल्या लोकांच्या वाफ्यांमध्ये एक गोष्ट परत परत दिसली, फॉस्फरस नको तितका वाढलेला, कारण आपण प्रेमाने दर वर्षी कंपोस्टच्या गोण्यांवर गोण्या ओततो. न्यू जर्सीची माती बहुतेक ठिकाणी आम्लधर्मी, तिला बऱ्याचदा चुना लागतो, भाजीला साधारण साडेसहाच्या आसपास पीएच हवा, तो बिघडलेला असला तर वर कितीही खत टाका झाडाला ते घेता येत नाही. आंब्याच्या कोयी आणि अंड्याची टरफलं टाकून पीएच सुधारत नाही हो काकू, टरफलं वर्षभर तशीच राहतात.

आता वालाबद्दल. हा विषय माझा अगदी जिव्हाळ्याचा आहे कारण हेल्पलाइनवर आलेला हा एकमेव प्रश्न होता ज्याचं उत्तर ऑफिसमध्ये कुणाकडे नव्हतं आणि माझ्याकडे होतं. एका काकूंनी फोन केला, गावाहून आणलेला वाल लावलाय, वेल गॅरेजच्या छपरावर गेला, पानं हिरवीगार, ऑगस्ट संपला तरी एक फूल नाही, खत कमी पडतंय का? खत कमी पडत नव्हतं, दिवस लांब होता. आपल्याकडचे वाल, पावट्याचे बरेचसे गावठी वाण, तशीच जुनी तूर, ही लहान दिवसाची पिकं आहेत, रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय फुलावर येत नाहीत. महाराष्ट्रात पावसाळा संपता संपता दिवस लहान होतो आणि ती वेळेत फुलतात. न्यू जर्सी आहे चाळीस अंशांवर, जूनमध्ये इथे पंधरा तासांचा दिवस, वाल वाट बघत बसतो, सप्टेंबरात फुलतो आणि ऑक्टोबरात थंडी त्याला मारते. उपाय आहे, दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारे वाण मिळतात, ते मागवायचे, आणि वेल इतका वाढू न देता शेंडे खुडायचे. एजंट बाईंनी मला हे सगळं लिहून काढायला लावलं आणि आता ते एका पानाचं हॅन्डआउट ऑफिसच्या रॅकवर आहे. मला सांगायचंय ते हेच. त्यांच्याकडे टोमॅटोवर शंभर वर्षांचं काम आहे, "रटगर्स" नावाचा टोमॅटो १९३४ चा आहे. तुळशीच्या जातकुळीतल्या बेसिलवर केवडा आला तेव्हा रटगर्सने त्याला टिकणारे वाण काढले. पण पडवळ, दोडका, वाल, अंबाडी, चवळई यांच्याबद्दल रोजच्या प्रश्नांना उत्तर द्यायला लागणारं ज्ञान तुमच्या घरात बसलंय, सोफ्यावर, टीव्हीसमोर. ते कोणी विचारायला येत नाही कारण ते आहे हेच कुणाला माहीत नाही.

बियाण्यावरून आठवलं. भारतातून येताना बॅगेत बियांची पुरचुंडी टाकून आणू नका. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटशिवाय, म्हणजे रोग-कीड नसल्याच्या सरकारी दाखल्याशिवाय, बियाणं आणता येत नाही, थोडंसं बियाणं आणायचं असेल तर त्यासाठी वेगळं परमिट असतं, ते काढून आणा, आणि विमानतळावर जे आहे ते सांगा. आणि कढीपत्ता. फ्लोरिडाहून कुणी मैत्रीण रोप पोस्टाने पाठवते, सर्टिफिकेट नाही काही नाही, आणि आपल्याला वाटतं एवढंसं रोप, त्यात काय. कढीपत्ता हा संत्र्या-लिंबाच्या कुळातला. एशियन सिट्रस सिलिड नावाचा बारीक किडा त्याच्यावर मजेत राहतो, कढीपत्त्याला स्वतःला फारसं काही होत नाही, पण तोच किडा संत्र्याच्या बागांमध्ये ग्रीनिंग रोग पसरवतो. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला आणि तिथली संत्र्याची बागायती अक्षरशः कोसळली, पिढ्यान् पिढ्या संत्री करणारी कुटुंबं बागा तोडून बसली. म्हणून क्वारंटाइन असलेल्या राज्यांतून कढीपत्ता, लिंबू यांची रोपं अशी हलवायला बंदी आहे. नागपूरची संत्री ज्यांनी बघितलीत त्यांना मी काय सांगावं. सर्टिफाइड नर्सरीतून घ्या, थोडे पैसे जास्त जातील, जाऊ देत.

आता कम्युनिटी गार्डन, ज्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला बसले.

टाऊनच्या, चर्चच्या, लायब्ररीच्या जागेवर या गार्डन्स असतात, चार बाय आठ फुटांचे उंच वाफे, मध्ये लाकडाच्या भुशाची वाट, हरणांसाठी उंच कुंपण, एक शेड, पाण्याचा नळ. वर्षाची थोडी फी. नियम साधे, वाफा निंदलेला हवा, ठरलेल्या तारखेपर्यंत लावणी झाली पाहिजे, तुमच्या मांडवाची सावली शेजाऱ्याच्या वाफ्यावर पडता कामा नये (हा नियम आपल्या दुधीवाल्यांनी नीट वाचावा), आणि जास्तीची भाजी फूड पँट्रीला, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्राला. एक्स्टेन्शनचे लोक आणि मास्टर गार्डनर व्हॉलंटियर तिथे येऊन शिकवतात. हे मास्टर गार्डनर प्रकरण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यात सुरू झालं, सिअ‍ॅटलच्या आजूबाजूला लोकांचे बागकामाचे प्रश्न इतके वाढले की एजंटना उत्तरं देणं झेपेना, मग त्यांनी ठरवलं की लोकांनाच ट्रेनिंग देऊ, आणि मोबदल्यात त्यांनी ठराविक तास लोकांना मदत करायची. आज हा प्रोग्राम देशभर आहे. रिटायर झालेल्या आपल्या कितीतरी काका-काकूंना हे काम हातचं आहे.

मी ज्या गार्डनमध्ये होते तिथे एका कुटुंबाचा वाफा होता आणि त्यांची आजी भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली, जळगावकडची. सून तिला सकाळी ऑफिसला जाताना गार्डनवर सोडायची आणि दुपारी मुलगा न्यायला यायचा. आजींना इंग्रजी येत नव्हतं. पहिल्या दिवशी त्या कठड्यावर नुसत्या बसल्या. दुसऱ्या वेळेला त्यांनी बघितलं की शेजारच्या वाफ्यातल्या बाई, त्या मूळच्या एल साल्व्हाडोरच्या, तण उपटून बादलीत टाकतायत. आजी उठल्या, बादलीत हात घातला आणि घोळ बाहेर काढली. मग चाकवत काढला. मग तांदुळजासारखी कोवळी पानं निवडली. मला हाक मारून म्हणाल्या, "ही भाजी फेकून का ऱ्हायली ती? विचार तिला." मी विचारलं. त्या बाई हसायला लागल्या, घोळीला हात लावून म्हणाल्या वेर्दोलागा, आमच्याकडे पण खातात, पण इथे मला वाटलं की ही खायची नसते. मग आजींनी तिथेच ओट्यावर बसून दोघींच्यात पाला निवडला, मुळं तोडून, पिवळी पानं बाजूला, आणि मी मध्ये उभी राहून फोडणीत लसूण किती आणि मुगाची डाळ आधी भिजवायची का हे सांगत होते. महिन्याभराने गार्डनमध्ये एका शनिवारी सगळ्यांसाठी "खायची तणं" असा तास झाला. आमच्या एजंट बाईंनी ओळख कशी पटवायची, कुठल्या जागेवरचं तोडायचं नाही, औषध मारलेल्या लॉनजवळचं का नको ते सांगितलं, आणि आजींनी भाजी करून आणली होती. मी दुभाषी होते. आजींनी त्या दिवशी नऊवारी नेसली होती.

तुमच्या प्रत्येक मंडळात अशा किती आज्या, किती आजोबा आहेत? मुलं कामाला, नातवंडं शाळेत, गाडी चालवता येत नाही, सबर्बमध्ये फुटपाथ नाही, दिवसभर खिडकीतून समोरचं लॉन बघायचं. ज्या माणसांनी जन्मभर शेती केली त्यांना आपण वर्षाकाठी सहा महिने बंद घरात ठेवतो, आणि त्यांचा वेळ जात नाही म्हणून आयपॅडवर मालिका लावून देतो. मला हे बघवत नाही. गार्डनमध्ये त्यांच्या हाताला माती लागते, कोणीतरी काहीतरी विचारतं, आणि विचारणारा माणूस आपला नसतो हे जास्त महत्त्वाचं, कारण त्याला खरंच माहीत नसतं आणि त्याला खरंच शिकायचं असतं.

एक कडू गोष्टही सांगते. एका टाऊनमधल्या गार्डनमध्ये आपल्या एका समाजगटाने मागे काही वाफे घेतले होते, मे महिन्यात फोटो काढले, जुलैत सगळे भारतात सुट्टीला, परत आले तोवर वाफ्यात कंबरेएवढं तण आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी. पुढच्या वर्षी त्यांना वाफे मिळाले नाहीत, आणि आपल्या नावाची जरा पंचाईत झाली. म्हणून मी एकेकट्याने नाही तर मंडळाने घ्या म्हणतेय, म्हणजे एक कुटुंब देशात गेलं तर दुसरं पाणी घालेल. गणपतीला आपण आरतीची पाळी लावतो, तशी पाण्याची लावा.

आणि घाई का करतेय ते. या गार्डन्सपैकी अनेकांना शिकवायला येणारी माणसं स्नॅप-एड नावाच्या केंद्राच्या निधीतून पगार घ्यायची, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना पोषण शिकवायचा तो प्रोग्राम होता, देशभरात बऱ्याच ठिकाणी एक्स्टेन्शनच तो चालवायचं. जुलै २०२५ मध्ये जो मोठा कायदा झाला त्यात हा निधी काढून टाकला आणि सप्टेंबरअखेर पैसे थांबले. माझ्या डोळ्यांदेखत आमच्या ऑफिसमधल्या दोन टेबलांवरचे फोन उचलायला माणूस राहिला नाही. त्यातल्या एक बाई शाळेच्या गार्डनमध्ये पोरांना बीट उकडून खायला शिकवायच्या, पोरं त्यांना लांबून बघून पळत यायची. स्नॅपच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या, कार्डावर बी-बियाणं आणि भाजीची रोपं घेता येतात हे १९७० च्या दशकापासून कायद्यात आहे, आणि ते लोकांना जाऊन सांगणारी माणसं हीच होती. आता कोण सांगणार?

केंद्राचा पैसा आपल्या हातात नाही. काउंटीचा काही प्रमाणात आहे. दर वर्षी बोर्ड ऑफ काउंटी कमिशनर्स बजेट मांडतं आणि त्यावर पब्लिक हिअरिंग होतं, तिथे कोणीही रहिवासी उठून दोन-तीन मिनिटं बोलू शकतो. मी एका हिअरिंगला जाऊन मागे बसले होते. हॉल जवळजवळ रिकामा. बोलायला आलेले चार-पाच लोक, सगळे एकमेकांना ओळखणारे. एकाने रस्त्याच्या खड्ड्याबद्दल सांगितलं, एकाने लायब्ररीबद्दल. एक्स्टेन्शनबद्दल एक म्हातारे मास्टर गार्डनर बोलले, थरथरत्या आवाजात पण एकदम मुद्देसूद, आणि कमिशनर्सनी नीट ऐकून घेतलं, प्रश्न विचारले. तुमच्यातले लोक इथे तीस-तीस वर्षं राहतायत, टॅक्स भरतायत, मतदान करतायत, नाट्यसंमेलनाला पाचशे माणसं जमवतायत. त्यातली दहा माणसं त्या हॉलमध्ये बसली आणि एका काकूंनी उठून वालाची गोष्ट सांगितली तर ती सभेच्या इतिवृत्तात नोंदली जाते.

तर माझं मागणं असं आहे. पाडव्याच्या कार्यक्रमात एक्स्टेन्शनला एक टेबल द्या, ते बोलावलं तर येतात, माती परीक्षणाची माहिती आणतील, भिंग आणतील, पोरांना किडे दाखवतील, लँटर्नफ्लाय या झाडांची नासाडी करणाऱ्या किड्याची अंडी कशी ओळखायची आणि खरवडायची ते सांगतील, लोकांना आपापली आजारी पानं पिशवीत घालून आणायला सांगा. तेवढं टेबल दारात द्या, जेवणाच्या हॉलच्या मागच्या कोपऱ्यात नको, कारण तिकडे कोणी फिरकत नाही. जवळच्या कम्युनिटी गार्डनच्या वेटलिस्टवर मंडळाचं नाव आत्ताच घाला, वाफ्यांचं वाटप फेब्रुवारी-मार्चमध्ये होऊन जातं, एप्रिलमध्ये जाग आली तर उपयोग नाही. मेथी आणि कोथिंबीर एप्रिलमध्येच पेरा कारण ऊन वाढलं की कोथिंबीर फुलावर जाते, आणि भेंडी, दुधी, दोडक्याची घाई करू नका, माती तापेपर्यंत, म्हणजे मे अर्धा सरेपर्यंत थांबा. रिटायर्ड मंडळींपैकी ज्यांना आवड आहे त्यांनी मास्टर गार्डनरच्या ट्रेनिंगची चौकशी करा. आणि बजेट हिअरिंगची तारीख काउंटीच्या वेबसाइटवर येते, ती तुमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, गाड्या शेअर करून जा.

ज्या कमिटीला यातलं काहीही करायचं असेल त्यांना मी येऊन भेटायला तयार आहे, शनिवार-रविवार कधीही, फक्त स्टेशनवरून मला न्यायला कुणीतरी यावं लागेल कारण माझ्याकडे गाडी नाही. वालाचं हॅन्डआउट मराठीत करून ठेवलंय, दोडक्याचं आणि अंबाडीचं अर्धं झालंय, अंबाडीला इथे बोंडं धरतात का आणि कधी हे ज्यांनी लावून बघितलंय त्यांनी मला कळवा, ते त्यात घालायचं राहिलंय.

तुमची,
राहुरीची एक कृषीकन्या
सध्या मुक्काम न्यू जर्सी